डबा नको, अक्षांश-रेखांश हवेत

सूरजागडच्या जंगलात झाडाच्या ढोलीत किंवा दगडांच्या आडोशाला झाकण लावलेला स्टीलचा डबा दिसला, तर काय करायचे? एटापल्ली तालुक्यातल्या कोणत्याही शाळकरी मुलाला विचारा. हात लावायचा नाही, पायाने ढकलायचा नाही, आल्या वाटेने मागे फिरायचे आणि मोठ्या माणसांना सांगायचे. या भागात चार दशके जंगलात लपवलेल्या डब्याचा अर्थ एकच होता. पोलिसांच्या बातम्यांत त्याला ‘डम्प’ म्हणतात. कधी त्यात धान्य, औषधे आणि पत्रके निघतात, कधी स्फोटके.

जगात मात्र लाखो माणसे असाच लपवलेला डबा शोधायला सुट्टीच्या दिवशी हौसेने रानात जातात. या छंदाला ‘जिओकॅशिंग’ म्हणतात. एकाने डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे आणि इतरांनी मोबाइल किंवा जीपीएस यंत्र घेऊन तो शोधायचा. आपल्या लहानपणीच्या ‘थंड-गरम’ या खेळाला उपग्रहांची जोड दिली, की जे होईल ते हे. जगभरात असे तीस लाखांहून अधिक डबे आज लपलेले आहेत. भारतात ते फार थोडे आहेत, आणि जे आहेत ते बहुतेक मोठ्या शहरांच्या आसपास.

हा विषय आरोग्याच्या सदरात कसा आला, ते सांगतो. सूरजागडच्या लोहखाणीमुळे गेल्या काही वर्षांत बाहेरगावचे अभियंते, तंत्रज्ञ, चालक मोठ्या संख्येने इकडे आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने साठएक साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. रस्ते झाले, भीती कमी झाली आणि ज्या डोंगरांकडे कोणी फिरकत नव्हते तिकडे आता रविवारी मोटरसायकली वळू लागल्या. अशाच एका तरुण अभियंत्याने मुरगळलेल्या घोट्याला पट्टी बांधून घेता घेता मला या छंदाची सविस्तर माहिती दिली आणि विचारले, “सर, इकडे एखादा डबा ठेवला तर काय हरकत आहे?”

हरकत आहे. ती का, हे सांगण्याआधी खेळाची बाजू नीट ऐकून घेऊ, कारण तो खेळ मला आवडला. त्याच्या शिष्टाचारातले बरेचसे मी माझ्या रुग्णालयात भिंतीवर लावायला तयार आहे.

सुरुवात एका सरकारी निर्णयाने झाली. जीपीएस ही अमेरिकी लष्कराची व्यवस्था. सामान्य नागरिकांना मिळणारा तिचा संदेश मुद्दाम बिघडवलेला असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. २ मे २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ती बिघडवणूक बंद झाली आणि एका रात्रीत अचूकता कितीतरी पटींनी वाढली. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर या संगणक सल्लागाराने ही अचूकता तपासायची म्हणून ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीक गावाजवळच्या रानात एक काळी बादली ठेवली. त्यात वही-पेन्सिल आणि काही किरकोळ वस्तू टाकल्या, आणि जागेचे आकडे इंटरनेटवर जाहीर केले. नियम एकच होता: काही घेतले तर काही ठेवा आणि वहीत नोंद करा. काही दिवसांत माइक टीग नावाच्या माणसाने बादली शोधली. त्या बादलीत घेवड्याचा एक डबाही होता. पुढे या खेळात खाद्यपदार्थ ठेवायला मनाई झाली. ती का, ते पुढे येईलच.

कल्पना त्याहून जुनी आहे. इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावर क्रॅनमिअर पूल या दुर्गम जागी जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने १८५४ मध्ये एक बाटली ठेवली होती. तिथवर पोचलेल्यांनी आपले कार्ड त्यात टाकायचे. फरक इतकाच, की तिथे वाट माणूस दाखवत असे, इथे उपग्रह दाखवतात.

उपग्रहांबद्दल एक गोष्ट पुष्कळ सुशिक्षितांनाही माहीत नसते, आणि आपल्या जंगलात ती फार उपयोगाची आहे. जीपीएसला मोबाइलचे नेटवर्क लागत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून हे उपग्रह सतत स्वतःची जागा आणि घड्याळातली वेळ सांगत असतात. आपला फोन फक्त ऐकतो. चार उपग्रहांचे संदेश किती वेळाने पोचले यावरून तो आपली जागा गणिताने काढतो. उपग्रहावरचे घड्याळ पृथ्वीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार ही दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात दहाएक किलोमीटरची चूक साचेल. तेव्हा नेटवर्कची एकही काडी नसलेल्या ठिकाणी नकाशा कोरा दिसेल, पण अक्षांश-रेखांश मिळतात. दाट सागवानाखाली चूक पाच-दहा मीटरची होते, कधी जास्तही. शोधणाऱ्याचे डोळे आणि हात कामाला लागतात ते या शेवटच्या दहा मीटरांत. डॉक्टरची काळजीही तिथेच सुरू होते.

खेळाचे शिष्टाचार

जागेच्या मालकाची परवानगी घेतल्याशिवाय डबा ठेवायचा नाही, हा पहिला नियम. खड्डा खणून डबा पुरायचा नाही. झाडाला खिळा ठोकायचा नाही. शाळा, रेल्वेमार्ग, लष्करी जागा यांच्या जवळ फिरकायचे नाही. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवे. डबा शक्यतो पारदर्शक असावा आणि त्यावर हा खेळाचा डबा आहे असे स्पष्ट लिहिलेले असावे. सापडलेली वस्तू घ्यायची असेल, तर तेवढ्याच किंवा जास्त किमतीची ठेवायची. डबा जसा होता तसाच, तिथेच परत ठेवायचा. अन्न, दारू, औषधे, हत्यार आत टाकायचे नाही.

हे नियम कोणत्याही चांगल्या क्लबचे वाटतील. मला डॉक्टर म्हणून भावले ते जरा आडबाजूचे आहेत. प्रत्येक डब्याला ठेवणाऱ्याने दोन गुण द्यायचे असतात, एक ते पाच. पहिला शोधायला किती अवघड याचा, दुसरा वाट किती अवघड याचा. वाटेला ‘एक’ दिला, तर चाकाच्या खुर्चीवरचा माणूस तिथे पोचला पाहिजे. ‘पाच’ दिला, तर दोर किंवा होडी लागेल असे समजायचे. आपल्याकडे पावसाळी सहलींच्या जाहिरातीत प्रत्येक धबधबा ‘सोपा, सर्वांसाठी’ असतो. पन्नाशीचा मधुमेही गृहस्थ त्या भरवशावर निघतो आणि अर्ध्या चढावर छाती धरून बसतो. वाटेची अवघडता प्रामाणिकपणे आधी सांगणे, हा रोगप्रतिबंधाचाच भाग आहे.

दुसरा नियम म्हणजे डबा सापडला नाही, तरी तशी नोंद करायची. ‘आलो, तासभर शोधले, सापडला नाही.’ यात कमीपणा नाही. अशा दोन-चार नोंदी झाल्या, की डबा वाहून गेला असावा हे मालकाला कळते. वैद्यकातही ‘तपासले, काही आढळले नाही’ ही पूर्ण किमतीची नोंद असते. ती लिहायचा कंटाळा केला, की पुढच्या डॉक्टरला वाटते तपासलेच नाही.

तिसरा नियम देखभालीचा. ज्याने डबा ठेवला त्याने तो पाहत राहायचे. वही भिजली तर बदलायची, झाकण फुटले तर नवे आणायचे. हे जमत नसेल तर डबा उचलून न्यायचा आणि यादीतून नाव काढायचे. उद्घाटनाच्या फितीनंतर कोणी न पाहिलेली यंत्रे आणि हातपंप ज्याने सरकारी नोकरीत पाहिलेले आहेत, त्याला या नियमाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

२००२ पासून या मंडळींनी आणखी एक रीत पाडली. शोधायला जाताना रिकामी पिशवी न्यायची आणि येताना वाटेतला कचरा भरून आणायचा. त्यासाठी वेगळे मेळावेही भरतात.

चालणे होते ते वेगळेच. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतातले जवळपास निम्मे प्रौढ तेवढेही चालत नाहीत, आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार मधुमेहींची संख्या दहा कोटींवर गेली आहे. ‘रोज चाला’ असे सांगून कोणी चालत नाही, हे मी रोज पाहतो. पण टेकडीमागे काहीतरी लपवलेले आहे असे कळले, तर माणूस घाम पुसत चालतो. नागपूर-पुण्यातल्या स्थूल मुलांसाठी हा खेळ मी जरूर सुचवेन. सूरजागडच्या पायथ्याच्या गावांना मात्र व्यायाम शिकवायला जाऊ नये. तिथली बाई पाण्याला, मोहाला, तेंदूला आणि दवाखान्याला मिळून जेवढे चालते, तेवढे कोणताही छंद चालवणार नाही.

डबा का नको

या खेळात एक रीत अशी आहे, की ती आपल्याकडे चालणारच नाही. न खेळणाऱ्या लोकांना ही मंडळी हॅरी पॉटरच्या गोष्टीतला शब्द उचलून ‘मगल’ म्हणतात. मगलच्या नजरेला न पडता डबा काढायचा आणि ठेवायचा. युरोपातल्या बागेत हे गमतीचे असेल, पण तिथेही ते अंगाशी आलेले आहे. जुलै २०११ मध्ये इंग्लंडमधल्या वेदरबी गावात एका कॅफेसमोर कोणीतरी वाकून काहीतरी लपवताना दिसला. लोकांनी पोलिसांना कळवले, रस्ता बंद झाला, लष्कराचे बॉम्बपथक आले आणि तो निरुपद्रवी डबा स्फोटाने उडवण्यात आला.

आता हेच दृश्य एटापल्लीच्या रानात ठेवून पाहा. अनोळखी तरुण, पाठीवर पिशवी, हातात यंत्र, इकडेतिकडे पाहत झाडाच्या बुंध्याशी काहीतरी ठेवतो आहे. गावकऱ्यांना काय वाटेल? गस्तीवरच्या जवानाला काय वाटेल? १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात जांभुरखेड्याजवळ पेरलेल्या स्फोटकांनी पंधरा जवान आणि त्यांच्या वाहनाचा चालक असे सोळा जण गेले. त्या आठवणी इथे ताज्या आहेत. माणसे शरण आली, पण कोणी कुठे काय पुरले ते सगळे नोंदवहीत नसते आणि मातीतली स्फोटके शरण येत नाहीत. ‘अनोळखी डब्याला हात लावू नका’ हे या जिल्ह्यातल्या मुलांना मोठ्या कष्टाने शिकवले आहे. शेजारीच खेळणी आणि चॉकलेटच्या रंगाचे डबे लपवून आपण ते शिक्षण पुसायचे का? माझ्या दृष्टीने हा एकच मुद्दा पुरेसा आहे.

परवानगीचा नियम घेतला, तरी प्रश्न सुटत नाही, वाढतो. सूरजागडच्या जंगलाचा मालक कोण? राखीव वनात वनखात्याची परवानगी लागेल, अभयारण्यात वन्यजीव कायद्याप्रमाणे प्रवेशाचीच लागेल. पण तेवढ्याने संपत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाच्या जंगलावर ग्रामसभेचा सामूहिक हक्क मान्य केला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला तो २००९ मध्ये मिळाला आणि पुढे या जिल्ह्यातल्या हजाराहून अधिक गावांना. गंमत अशी, की हे दावे करताना गावोगावच्या लोकांनी स्वतः हातात जीपीएस यंत्र घेऊन आपल्या जंगलाच्या शिवेवरून पायी फेरी मारली आणि खुणांचे आकडे नोंदवले. उपग्रहाच्या मदतीने रानात खूण शोधायचा उद्योग गडचिरोलीला नवीन नाही. इथे तो हौसेसाठी नव्हता, एवढेच. तेव्हा सूरजागड इलाक्यातल्या गावाच्या शिवारात काही करायचे, तर गावच्या पाटलाला, भूमियाला, ग्रामसभेला विचारायला हवे.

शिवाय डोंगर कोणाचा म्हणून विचाराल, तर माडिया माणूस ठाकूरदेवाचा म्हणेल. दरवर्षी जानेवारीत सूरजागडला ठाकूरदेवाची यात्रा भरते आणि लांबलांबून माणसे चालत येतात. बाहेरच्याला जो साधा दगड किंवा जुने झाड दिसते, तिथे कोणाचा देव असतो, कोणाचे पूर्वज असतात. ‘डबा लपवायला मस्त जागा’ असे यंत्र सांगते, पण ती जागा कसली आहे ते यंत्राला माहीत नसते. खाणीवरून या डोंगरावर जो वाद आहे तो सर्वांना माहीत आहे आणि तो सोडवायचे हे सदर नव्हे. पण ज्या समाजाला आपल्या देवाच्या डोंगराची काळजी लागून राहिली आहे, त्याच्या दारात न विचारता काही ठेवू नये, एवढे कळायला राजकारण लागत नाही.

रानाचे शिष्टाचार माडियांकडेही आहेतच, आणि ते २००० सालचे नाहीत. मोसमातले नवे फळ, नवे धान्य गावाने मिळून पंडुम साजरा केल्याशिवाय खायचे नाही. आंब्याचा पंडुम झाल्याशिवाय कोणी आंबा तोडत नाही. फळ पुरते धरेपर्यंत झाड आपोआप राखले जाते. काही घेण्याआधी विचारायचे, सगळे घ्यायचे नाही. अमेरिकेतली मंडळी हे नियमावलीत लिहितात, इथे ते सणात आहे.

हात कुठे घालाल?

आता वैद्यकाकडे. लपवलेली वस्तू कुठे असते? ढोलीत, कपारीत, दगडांच्या ढिगाखाली, पालापाचोळ्यात, वारुळाच्या आडोशाला. नाग, मण्यार, घोणस, विंचू याच जागा पसंत करतात. न पाहता हात आत घालणे, हे या खेळातले सर्वांत धोक्याचे कृत्य आहे. भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावतात, असा २००० ते २०१९ या काळाचा अभ्यास सांगतो. मरणारे बहुतेक खेड्यातले, शेतात आणि जमिनीवर झोपणारे. हौशी फिरणारे त्यात थोडे असतील, पण विष हौस आणि गरज यांत भेद करत नाही. जंगलात काहीही शोधायचे असो, डबा, मशरूम की हरवलेला चेंडू, आधी लांब काठी, मग डोळे, शेवटी हात. घोट्याच्या वर जाणारे बूट आणि अंधार पडायच्या आत परत.

चावलाच तर ती जागा कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. साप मारून आणायच्या फंदात पडू नये. अंगठी, कडे काढावे. हात किंवा पाय हाड मोडल्यावर बांधतो तसा काठीला सैलसर बांधून स्थिर ठेवावा आणि माणसाला चालवत न नेता उचलून न्यावे. घोणस चावल्यास रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. ते ओळखायला आम्ही फार साधी तपासणी करतो. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे हलवायचे नाही, मग तिरके करायचे. रक्त ओघळले तर विष भिनले आहे. मण्यारचा दंश फसवा. दुखत नाही, खूण दिसत नाही. पोटात दुखते, पापण्या जड होतात, पुढे श्वास अडतो. ‘काही झाले नाही’ म्हणून घरी बसू नका. सर्पदंशावरची लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते, आणि उपयोग लवकर दिल्यास होतो.

खाद्यपदार्थांना मनाई का, ते यात येते. प्लास्टिकच्या डब्यातला वास माणसाला येत नाही, अस्वलाला येतो. चंद्रपूर-गडचिरोलीत अस्वल आहे, वाघ आहे, आणि ऑक्टोबर २०२१ पासून छत्तीसगडमार्गे आलेला रानटी हत्तींचा कळपही आहे. माणसाच्या वस्तूजवळ खाणे मिळते, हे जनावराला एकदा कळले, की ते पुन्हा येते. त्याची किंमत डबा ठेवणारा देत नाही, शेजारच्या टोल्यावरचा माणूस देतो.

पावसाळ्यानंतर गवतात बसण्या-लोळण्याने होणारा आजार म्हणजे स्क्रब टायफस. माइट नावाच्या सूक्ष्म जीवाची अळी चावते आणि आठ-दहा दिवसांनी तीव्र ताप येतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात त्याची साथ आली होती. काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली सिगारेटने भाजल्यासारखा काळा डाग दिसतो. तो दिसला तर निदान सोपे, आणि डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध लवकर दिले तर गुण छान येतो. म्हणून फिरून आल्यावर कपडे बदला, साबण लावून आंघोळ करा आणि अंगावर नीट पाहा.

बिनडब्याचा खेळ

त्या अभियंत्याला मी जे सुचवले ते या खेळातच उपलब्ध आहे. २००४ पासून अमेरिकेतल्या भूवैज्ञानिकांच्या संस्थेच्या सहभागाने ‘अर्थकॅश’ नावाचा प्रकार सुरू झाला. त्यात डबा नसतो. आकडे तुम्हाला एखाद्या खडकापाशी, नदीच्या वळणापाशी नेतात. तिथे पोचून निरीक्षण करायचे, प्रश्नांची उत्तरे द्यायची आणि काहीही न उचलता, न ठेवता परत यायचे.

यासाठी आपला भाग किती श्रीमंत आहे! सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान आहे. तिथे दगड झालेली झाडे आणि डायनोसॉरचे अवशेष आहेत. आलापल्लीजवळ ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ हा जुन्या, प्रचंड सागवृक्षांचा राखून ठेवलेला वनखंड आहे. २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा संगम आहे. आणि लोहखनिजाचे खडक तर आहेतच. जगातले असे पट्टेदार लोहखडक बहुतांशी दोन अब्ज वर्षांहून जुने आहेत. समुद्रातल्या सूक्ष्म जीवांनी प्राणवायू सोडला, पाण्यात विरघळलेले लोह गंजून तळाशी बसले आणि त्याचे थर झाले. त्याच लोहावर आपल्या रक्तातला प्राणवायू वाहिला जातो. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी सांगते. लोखंडाच्या डोंगराच्या सावलीत लोहाच्या गोळ्या वाटताना हे मनात येते खरे.

खेळा किंवा न खेळा, पण अक्षांश-रेखांश वाचायला प्रत्येकाने शिकावे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. रात्री १०८ ला फोन येतो तेव्हा पत्ता असतो ‘नाल्याच्या पलीकडे, मोहाच्या झाडापाशी.’ गावच्या माणसाला तो पुरतो, बाहेरून आलेल्या चालकाला पुरत नाही. फोनमधल्या नकाशात आपल्या निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरले, की दोन आकडे दिसतात. दशांश चिन्हानंतर चार अंक सांगितले तरी जागा अकरा मीटरच्या आत येते, पाच सांगितले तर सव्वा मीटरच्या. आकडे सांगताना उलटसुलट होतात. त्यावर साधी पडताळणी आहे. गडचिरोली जिल्ह्यात पहिला आकडा, म्हणजे उत्तर अक्षांश, १८ ते २१ च्या दरम्यानच असतो आणि दुसरा, पूर्व रेखांश, ७९ किंवा ८० ने सुरू होतो. यापेक्षा वेगळे काही ऐकू आले, तर पुन्हा विचारा. आपल्या पाड्याचे, शाळेचे, आणि जिथपर्यंत गाडी येते त्या शेवटच्या जागेचे आकडे कागदावर लिहून आशाताईंकडे आणि ग्रामपंचायतीत लावून ठेवावेत. नेटवर्क नसेल, तर ज्याला टेकडीवर जाऊन फोन करायचा आहे त्याच्या हाती तोच कागद द्यावा. रानात फिरायला जाणाऱ्याने निघताना कुठे जातो आणि किती वाजेपर्यंत येतो, हे मागे राहिलेल्याला सांगून जावे.

आता राहिला मलेरिया. राज्यातल्या मलेरियाच्या रुग्णांत आमच्या जिल्ह्याचा वाटा मोठा असतो आणि त्यात मेंदूपर्यंत जाणारा फाल्सिपेरम बराच. इथे वाढलेल्या प्रौढांच्या अंगात वारंवारच्या संसर्गाने थोडी प्रतिकारशक्ती आलेली असते. पुण्याहून चार दिवसांसाठी आलेल्या तरुणाकडे ती नसते, त्यामुळे तोच जंतू त्याला जास्त लोळवतो. मच्छरदाणीत झोपा, संध्याकाळनंतर अंगभर कपडे घाला, उघड्या अंगाला डास पळवणारे मलम लावा. थोड्या दिवसांच्या मुक्कामासाठी प्रतिबंधक म्हणून डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम रोज एक, निघण्याच्या दोन दिवस आधीपासून परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत घेता येते. पण डॉक्टरांना विचारूनच, आणि गर्भवती स्त्रियांना व आठ वर्षांखालील मुलांना नाही.

डास चावल्यापासून ताप यायला साधारण नऊ ते चौदा दिवस लागतात, कधी जास्तही. तोवर सहलीचे फोटो पाहून झालेले असतात आणि मुंबईतल्या डॉक्टरांना डेंग्यूची शंका येते. म्हणून परतल्यावर महिनाभरात ताप आला, थंडी वाजली, नुसते डोके दुखून अंग मोडून आले, तरी दवाखान्यात गेल्यावर पहिले वाक्य ‘मी गडचिरोलीच्या जंगलात राहून आलो आहे’ हेच असू द्या. बोटाच्या एका थेंबावरची तपासणी पंधरा-वीस मिनिटांत होते. पहिली आली नाही आणि ताप उतरला नाही, तर चोवीस तासांनी पुन्हा करायला सांगा.